डबल इंजिनचं राहू द्या, पैशाचा हिशोब दाखवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बीडला रेल्वे आली १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा मुहूर्त धरून. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग मंजूर झाला होता १९९५ साली, म्हणजे त्या वर्षी जन्मलेली पोरं आता स्वतःचं लेकरू कडेवर घेऊन गाडी बघायला आली असतील. बीडचे पूर्वीचे खासदार केशरकाकू क्षीरसागर, गोपीनाथराव मुंडे, ज्यांनी यासाठी दिल्लीत भांडभांड भांडलं त्यांना मात्र हे बघायला मिळालं नाही.

आनंद आहेच, त्याबद्दल वाद नाही. पण तेव्हापासून जो तो उठतो आणि सांगतो की केंद्रात आणि राज्यात एकच सरकार असलं म्हणून हे झालं, डबल इंजिन वगैरे. हे काय मला पटत नाही बुवा. २००४ ते २०१४ अशी सलग दहा वर्षं दिल्लीतही काँग्रेसची आघाडी होती आणि मुंबईतही काँग्रेसची आघाडीच होती, तेव्हा का नाही आली गाडी? उलट कोकण रेल्वे बघा. १९९० ला महामंडळ झालं तेव्हा दिल्लीत व्ही. पी. सिंगांचं सरकार, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, मधु दंडवते अर्थमंत्री, आणि इकडं महाराष्ट्रात मुख्यमंत्री शरद पवार काँग्रेसचे, केरळात डावे. एकाचं तोंड एकीकडं आणि दुसऱ्याचं दुसरीकडं. तरी सगळ्यांनी ठरल्याप्रमाणे हिस्सा टाकला, केंद्राचा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकचा १५, गोवा आणि केरळ ६-६, वर बाजारातून रोखे काढून पैसा उभा केला, रेल्वेचे इंजिनिअर ई. श्रीधरन यांच्यासारख्या माणसाच्या हातात काम दिलं, आणि एवढे डोंगर, बोगदे, नद्या असून १९९८ च्या जानेवारीत पूर्ण मार्ग चालू झाला. साडेसातशे किलोमीटरच्या आसपास अंतर आणि आठ वर्षं. आमच्याकडं ना सह्याद्री ना खाडी, ३० वर्षं झाली आणि परळीचा तुकडा अजून राहिलाच आहे.

फरक कुठं पडला तर माझ्या मते पैशाच्या पद्धतीत. तिकडं एकच कंपनी, सगळ्यांचा पैसा एका ठिकाणी, जबाबदारी एकाची. आमच्या मार्गाचा खर्च केंद्र आणि राज्याने निम्मा निम्मा करायचं ठरलं, कागदावर छानच आहे, पण पैसा येणार दरवर्षीच्या बजेटमधून चमच्या चमच्याने, जमीन घ्यायची कलेक्टर ऑफिसने, रूळ टाकायचे रेल्वेने, मग एकाचं अडलं की दुसऱ्याला थांबायला कारण मिळालंच. रेल्वेवाले म्हणणार राज्याचा हिस्सा आला नाही, राज्यवाले म्हणणार रेल्वेकडूनच काम हलत नाही, आम्ही हेच ऐकत मोठे झालो. तोवर साडेतीनशे कोटींच्या आसपासचं काम ४८०० कोटींच्या वर गेलं. दोघांनी वेळेवर दिले असते तर दोघांचेही वाचले असते, आणि ते पैसे शेवटी आपलेच की हो.

म्हणून माझं एवढंच म्हणणं आहे की परळीपर्यंतच्या उरलेल्या कामासाठी दोन्ही सरकारांनी आपला हिस्सा एकदाच वेगळ्या खात्यात टाकावा, आणि दर तीन महिन्याला बीडच्या कलेक्टर ऑफिससमोर बोर्ड लावावा, केंद्राने किती दिले, राज्याने किती दिले, किती जमीन ताब्यात आली, किती शेतकऱ्यांचा मोबदला बाकी आहे. यात अवघड काय आहे सांगा.

आणि नुसते रूळ टाकून भागत नाही. गाडी केंद्राची, एसटी राज्याची. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, गेवराई इकडच्या माणसाला आधी स्टेशनवर पोचावं लागतं ना. पुण्याला शिकणारी पोरं, दवाखान्यासाठी नगरला जाणारी म्हातारी माणसं, दिवाळीनंतर ट्रॅक्टर-ट्रकमध्ये कोंबून कारखान्यांकडं जाणारी ऊसतोड कुटुंबं, यांच्या सोयीने गाडीची वेळ लावा, डबे वाढवा, पुण्यापर्यंत थेट गाडी द्या आणि तिच्या वेळेला जोडून तालुक्याच्या एसट्या सोडा. उद्घाटनाला दोन्हीकडचे मंत्री एका स्टेजवर बसतात, तसं रेल्वेचे आणि एसटीचे अधिकारी एका टेबलावर बसून टाइमटेबल करू शकत नाहीत का? बीडच्या खासदारांनी आणि पालकमंत्र्यांनी मिळून ही बैठक लावावी, आणि तिथं काय ठरलं ते आपल्या पेपरात छापून यावं.

आपला,
एक वाचक, बीड