रजेवरून न परतलेला जवान आणि चोर एकाच रकान्यात?

संपादक साहेब, नमस्कार.

मी आर्मीतून सुभेदार म्हणून रिटायर झालो, आता गावाकडं शेती बघतो. आमच्याकडचा एक पोरगा पूर्वी फौजेत होता, आई आजारी म्हणून रजा संपल्यावर दोन महिने घरीच राहिला, परत गेला तेव्हा समरी कोर्ट मार्शल (युनिटमध्येच झटपट चालणारा लष्करी खटला), तीन महिने कैद आणि नोकरी गेली. आता तो एका केसमध्ये कच्चा कैदी आहे (केस काय ते सोडा, ते कोर्ट बघेल), तर वकील म्हणाले तुझं जरा अवघड आहे, तुला आधी शिक्षा झालेली आहे.

अडचण अशी की १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत (फौजदारी खटले कसे चालवायचे तो कायदा) कलम ४७९ आहे. फाशी-जन्मठेपेचा गुन्हा नसेल आणि माणूस पहिल्यांदाच अडकला असेल तर जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर त्याला सोडायचं, बाकीच्यांना निम्मा काळ. पण पहिल्यांदा म्हणजे पूर्वी 'कुठल्याच गुन्ह्यात' शिक्षा झालेली नको, आणि त्याच संहितेत गुन्हा म्हणजे कुठल्याही कायद्याखाली शिक्षापात्र असलेली गोष्ट. आर्मी अ‍ॅक्ट १९५० हाही कायदाच की, म्हणजे अक्षरशः वाचलं तर रजा ओव्हरस्टे केलेला जवान आणि घरफोडी केलेला माणूस एकाच रकान्यात!

आर्मी अ‍ॅक्टमध्येच हे दोन प्रकार वेगळे आहेत हो. कलम ३८ पळून जाणं, ३९ बिनरजा गैरहजेरी, ६३ शिस्तभंग, हे फौजेचे स्वतःचे गुन्हे, सिव्हिलमध्ये कोणी कामावर दोन महिने आला नाही तर फार तर नोकरी जाते. चोरी, मारहाण असले सगळ्यांना लागू असलेले गुन्हे कलम ६९ खाली चालवतात. ते जरूर धरा, वर्दीत केलेली चोरी पण चोरीच.

आणि समरी कोर्ट मार्शल कसं चालतं ते मी बाजूला बसून बघितलंय. सीओ साहेब, म्हणजे युनिटचे कमांडिंग ऑफिसर, एकटेच जज, आमच्यासारखे दोघं नुसते हजर, मत द्यायचा अधिकार नाही, आरोपीच्या बाजूनं कोणी वकील उभा राहून बोलत नाही, आणि वर्षभरापर्यंतची कैद तिथंच सुनावता येते. युनिटमध्ये शिस्त ठेवायला हे लागतं, माझी त्याबद्दल तक्रार नाही, पण तोच कागद वीस वर्षांनी सिव्हिल कोर्टात सराईत गुन्हेगार ठरवायला वापरणं म्हणजे अतीच झालं.

कॅनडात किरकोळ लष्करी गुन्ह्यात छोटी शिक्षा झाली असेल तर ती फौजदारी शिक्षा धरायची नाही असं कायद्यातच लिहिलंय. आपल्याकडं पण एक ओळ टाकायला काय हरकत आहे, की फक्त ६९ खालची शिक्षा पूर्वीचा गुन्हा म्हणून मोजावी. कोर्ट मार्शलच्या चार्जशीटवर कलम असतंच, बघायला पाच मिनिटं लागत नाहीत.

अजून एक, माझ्या जुन्या जवानांसाठी. सीओनं कलम ८० खाली दिलेले २८ दिवस कैदेचे म्हणजे कोर्ट मार्शल नव्हे, ती रेड इंक एन्ट्री झाली, म्हणजे सर्व्हिस रेकॉर्डमधली लाल शाईची नोंद. सिक्युरिटीच्या नोकरीचा फॉर्म भरताना कितीतरी जण घाबरून तिथं 'कोर्टात शिक्षा झाली : होय' लिहून बसतात.

— एक निवृत्त सुभेदार, जि. सातारा