गोळी लोहाची, घोट चहाचा

संपादक महोदय,

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होते. सगळाच रक्तक्षय लोहाअभावी होत नाही, हे खरे. पण लोहाच्या गोळ्या वाटताना त्या कशासोबत घ्यायच्या, हे नीट सांगितले जाते का? अनेक घरांत गोळीही चहाबरोबरच गिळली जाते! चहातील टॅनिन लोहाला बांधून ठेवते आणि त्यातले बरेचसे शरीराला मिळतच नाही. मुळात बाजरी, मटकी, पालेभाज्यांतले लोह मांस-मासळीतल्यापेक्षा कमी शोषले जाते. सोबत 'क' जीवनसत्त्व असेल, तर हे शोषण वाढते. म्हणून उसळीवर लिंबू पिळावे, तेही कढई खाली उतरवल्यावर, कारण उष्णतेने हे जीवनसत्त्व बरेच नष्ट होते. लिंबू महागले तर आवळा, पेरू आहेतच. चहा जेवणानंतर तासाभराने प्यावा. आरोग्य विभागाने गोळ्यांच्या पाकिटावरच हे ठळक मराठीत छापावे. खर्च फक्त शाईचा.

– एक वाचक, सातारा