पेणजवळचं वरसई आणि तुझ्या नाशिकजवळचं जलालपूर

प्रिय दोस्ता,

फोनवर तू विचारलंस सध्या काय वाचतोयस आणि मी नुसतं "असंच काहीतरी" म्हणून विषय संपवला, कारण मागे मिटिंगची हाक आली होती आणि हे दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतंच. म्हणून आज रविवारी सकाळी चहा घेऊन बसलोय, बायको झोपलीय, लिहूनच टाकतो.

झालं असं की गणपतीला गावी जाताना नेहमीसारखं पेणला पापड घ्यायला थांबलो, तिथे ट्रॅफिक इतकं की गाडी तासभर जागची हलेना, आणि मला एकदम आठवलं की अरे वरसई इथेच कुठेतरी जवळ ना, 1857 च्या बंडातल्या प्रवासाची हकीकत सांगणाऱ्या 'माझा प्रवास'वाल्या गोडसे भटजींचं गाव! शाळेत असताना एक उतारा होता त्यातला, तेवढीच आपली ओळख. परत आल्यावर ठाण्याच्या लायब्ररीतून आणलं. आणि राव, दोन रात्री झोपलो नाही.

तुला वाटेल 1857 म्हणजे तलवारी, घोडे, रणशिंगं. तसं काही नाहीये यात. हा माणूस तिशीच्या आसपासचा गरीब भिक्षुक, डोक्यावर घरचं कर्ज, बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत असं ऐकतो आणि दक्षिणा मिळेल म्हणून चुलत्यांबरोबर निघतो. बस, एवढंच. बंड बघायला गेलेलाच नाही तो, त्यामुळे बंड त्याच्या अंगावर येऊन पडतं तेव्हा तो आपल्यासारखाच बावरतो. झाशीच्या वेढ्यात सापडतो, शहर पडल्यावर लपून बसतो, आणि लूट कशी झाली ते सांगताना आधी सोनंनाणं गेलं, मग तांब्यापितळेची भांडी गेली असं एखाद्याने घरच्या सामानाची यादी द्यावी तसं सांगतो. मला तेच सगळ्यात भयंकर वाटलं. आरडाओरडा नाही काही नाही.

आणि ती विहिरीची जागा! झाशी सोडल्यावर काल्पीच्या वाटेवर राणी भेटते, पठाणी वेषात, धुळीने माखलेली, तहानलेली. हा पाणी काढून द्यायला धावतो तर ती म्हणते तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही नका काढू, मीच काढते. स्वतः पोहरा ओढून ओंजळीने पाणी पिते. मी पुस्तक पालथं ठेवून गॅलरीत जाऊन उभा राहिलो दहा मिनिटं. सगळं लुटलं जाऊन शेवटी हा बाबा घरी काय आणतो तर गंगेची कावड, आईवडिलांना आंघोळ घालायला. कर्ज तसंच.

(लिहिलंय त्याने खूप नंतर, पंचवीसेक वर्षांनी, आणि छापलं चिं. वि. वैद्यांनी 1907 मध्ये, तेही भाषेवर हात फिरवून. मूळ हस्तलिखितावरून पोतदारांनी काढलेली आवृत्ती 1966 ची, ती मला हवीय. पुण्याला अप्पा बळवंत चौकात जाशील तेव्हा बघ जरा.)

आता गंमत ऐक. हे संपल्यावर काहीतरी हलकंफुलकं वाचू म्हणून लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' काढलं. आईचं आवडतं पुस्तक, घरात होतंच, मी मात्र कॉलेजात तीस पानांवर सोडलेलं. तर सुरुवातीलाच काय, लक्ष्मीबाईंच्या आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना, 1857 च्या बंडात फाशी! आणि त्या धक्क्याने त्यांच्या वडिलांच्या डोक्यात सोवळं शिरलं ते कायमचं, बाजारातून घरात काही आलं की धुवून काढायचं. म्हणजे एकाला त्या बंडाने झाशीला नेऊन आपटलं आणि इकडे तुझ्या नाशिकजवळ जलालपुरात एका घरात ते धुण्याच्या बादलीत येऊन बसलं. मी ठरवून वाचलं असतं तरी ही जोडी लागली नसती.

तू म्हणशील हसायला काय आहे यात. अरे, पण बाई हसवते! वडिलांचा धाक, उपासमार, नवरा न सांगता निघून जाणारा, 1895 मध्ये तो ख्रिश्चन झाला तेव्हा हिची झालेली दैना, सगळं सांगते आणि मधेच असं काही खुसकन बोलते की डोळे पुसता पुसता फसकन हसू येतं. पण मी अडकलो ते दुसरीकडेच. ही एवढ्या सोवळ्या बापाची मुलगी, नवऱ्यापासून काही वर्षं वेगळी राहिली, मग परत त्याच्याकडे गेली तेव्हाही पाणी वेगळं, चूल वेगळी, आणि मग एक दिवस स्वतःशीच विचार करून ठरवते की जाती माणसांनी केल्यात, यापुढे कुणाच्याही हातचं खाईन-पिईन. स्वतः ख्रिश्चन व्हायच्या आधी हां! नवऱ्याने सांगितलं म्हणून नाही. मला विहिरीवरची राणी आठवली लगेच, तिथेही पाणी कुणी काढायचं हाच प्रश्न होता. फक्त तिथे तो मानाने सुटला आणि इथे बाईने मुळापासून उपटला.

मधे माडगूळकरांचं 'सत्तांतर' पण झालं, वानरांच्या टोळ्यांची मारामारी, छोटंसं आहे, एका बैठकीत होतं, पण रात्री जेवणानंतर वाचू नकोस. आणि ऑफिसातल्या एकाने आग्रहाने दिलेलं यशस्वी कसं व्हावं छापाचं एक पुस्तक चाळीस पानांवर सोडलं, त्याला सांगितलं छान आहे.

लायब्ररीतल्या 'माझा प्रवास'मध्ये कुणीतरी पेन्सिलीने समासात प्रत्येक मुक्कामाचे कोस लिहून बेरीज केलीय. ग्वाल्हेरच्या पुढे बेरीज चुकलीय. मी खोडून दुरुस्त केली, पुस्तक खराब केल्याचं पाप लागलं तर अर्धं त्याचं.

'स्मृतिचित्रे' तुला पाठवतोय पार्सलने, आईची प्रत आहे, तेलाचे डाग तिचेच आहेत, ते पुसायला जाऊ नकोस. आणि माझं 'कोसला' 2019 पासून तुझ्याकडे आहे. त्याच पार्सलच्या खोक्यातून परत पाठव, खोकं फाडू नकोस उघडताना.

वहिनींना नमस्कार, पिल्लूला पापा.

तुझाच,
ठाणेकर