ओट्यावरची बरणी

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

काल व्हिडिओ कॉलवर आईच्या मागे ओट्यावर काचेची बरणी दिसली. सोललेल्या लसणाच्या पाकळ्या आणि वर काठापर्यंत तेल. फोन ठेवल्यावरही ती बरणी डोळ्यांसमोरून हलेना.

आई, तुझी बोटं दुखतात, म्हणून तू एकदाच सोलून ठेवतेस, हे कळतं मला. पण ती बरणी आजच टाक. झाकण उघडू नकोस, चव तर मुळीच बघू नकोस, पिशवीत घट्ट बांधून टाक. लसूण मातीतला, आणि बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणूही मातीतलेच. वर तेल आलं की पाकळीला हवा मिळत नाही. आंबटपणा नाही, हवा नाही, वर खोलीतली ऊब. अशा जागी ते जिवाणू विष तयार करतात. वासावरून किंवा रंगावरून काही कळत नाही. १९८५ साली कॅनडातल्या व्हँकूव्हरमध्ये एका रेस्टॉरंटमधला तेलातला लसूण खाऊन ३६ जणांना ही विषबाधा झाली. फ्रिजमध्ये ठेवायचा तो लसूण बाहेर ठेवलेला होता.

तेलातला लसूण पाहिजेच असेल तर थोडासाच कर, लगेच फ्रिजमध्ये ठेव आणि चार दिवसांत संपव. मला विचारशील तर तेल नकोच. ठेचून छोट्या डबीत भर आणि फ्रीझरमध्ये टाक.

बाबा, आता तुमचं. रोज अनशापोटी तीन-चार कच्च्या पाकळ्या, आणि सोबत रक्त पातळ करणारी गोळी! लसणाने रक्तदाब थोडा उतरतो, हे खरं. पण रक्त गोठणंही मंदावतं. परवा दाढी करताना कापलं, तर कापूस धरून बराच वेळ बसलात, असं आई म्हणाली. पुढच्या महिन्यात दाढ काढायची आहे. त्याआधी डॉक्टरांना या पाकळ्यांबद्दल स्पष्ट सांगा. गोळी मात्र मनाने बंद करू नका.

जेवणातला लसूण सोडा, असं मी म्हणत नाही. अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो, बघा. ठेचली की आतली दोन द्रव्यं एकत्र येतात आणि ॲलिसिन तयार होतं, तोच तो झणझणीत वास. म्हणून ठेचल्यावर दहा मिनिटं तसाच ठेवा, मग परता. लगेच तापवला तर ॲलिसिन नीट तयारच होत नाही.

बरणी टाकलीस की फोन कर, आई. पुढच्या रविवारी मी येते आहे. महिनाभराचा लसूण मीच सोलून, ठेचून ठेवीन.

तुमची,
लेक