बॉयकॉट आणि वाळीत टाकणं एकच कसं?

मा. संपादक, नमस्कार.

तुमच्या पेपरात हल्ली ऊठसूट 'बॉयकॉट' असतो, कधी सिनेमावर कधी कुठल्या देशाच्या मालावर, ते ठीक आहे, पण परवा जातपंचायतीने एका कुटुंबाला वाळीत टाकलं त्या बातमीलाही तेच हेडिंग, हे फार खटकलं म्हणून लिहितोय.

बॉयकॉट हे मुळात आडनाव. चार्ल्स बॉयकॉट, आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी. 1880 साली पीकपाणी बेताचं म्हणून कुळांनी खंडात 25 टक्के सूट मागितली, मालक 10 च्या वर जाईना आणि कारभाऱ्याने जमिनीवरून काढायच्या नोटिसा धाडल्या. त्याच्या दोनतीन दिवस आधीच आयरिश पुढारी पार्नेल यांनी एनिस गावच्या सभेत सांगितलं होतं की हाकललेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याला मारू नका, रस्त्यात दुकानात कुठेही त्याच्याशी संबंध ठेवू नका. लोकांनी तेच या कारभाऱ्याला लावलं. शेतावरचे गडी गेले, लोहार काम करेना, कपडे धुणारी येईना, दुकानदार माल देईना. थोडी दमदाटीही झाली, ते लपवायचं कारण नाही. शेवटी पीक काढायला उत्तरेच्या अल्स्टर प्रांतातून 50 मजूर आले आणि त्यांच्या राखणीला हजारभर सैनिक-पोलीस, पाचशे पौंडाच्या पिकापायी दहा हजार पौंड गेले असं तेव्हा बोललं गेलं! नोव्हेंबरअखेर बॉयकॉट गाव सोडून गेला. तिथले फादर ओमॅली यांनी एका अमेरिकन पत्रकाराला हा शब्द सुचवला कारण 'ऑस्ट्रॅसिझम' हा बहिष्कारासाठीचा जड इंग्रजी शब्द शेतकऱ्यांना कळला नसता.

म्हणजे ज्यांच्या हातात ना जमीन ना सत्ता त्यांनी वरच्याला दिलेलं उत्तर होतं ते. आपल्याकडे लोकमान्यांनी 1905 नंतर बहिष्कार उचलून धरला तोही इंग्रज सरकारविरुद्ध. जातपंचायतीत नेमकं उलटं होतं, सगळा समाज एका घरावर तुटून पडतो, आणि आपल्या राज्यात 2016 च्या कायद्याने तो गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायद्याच्या इंग्रजी नावात सोशल बॉयकॉट आहे हे मान्य, पण मराठी पेपराला 'वाळीत टाकलं' हा शब्द असताना अडचण काय? ज्या घरच्या मयताला खांदा द्यायला भावकी येत नाही त्यांची बातमी सिनेमाच्या बातमीसारखी छापू नका आणि त्यात कायद्याचं कलम, गुन्हा नोंदला की नाही, हेही द्या, एवढीच विनंती.

आपला एक नेहमीचा वाचक