आठ दिवस का थांबलीस?

कराड
बुधवार, रात्री साडेदहा

चि. मयुरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन ठेवल्यापासून आई माझ्याशी बोललेली नाही. ताट वाढलं आणि आत निघून गेली. तिचं बरोबर आहे. तू रडवेल्या आवाजात सांगितलंस की नवा लॅपटॉप आठ दिवसांपासून सुरू होत नाही, आणि माझ्या तोंडून पहिलं काय निघालं तर "काय केलंस त्याला?" जेवलीस का, हेसुद्धा विचारलं नाही. परत फोन लावला तर परत आवाज चढेल, म्हणून लिहायला बसलो. सकाळी बंटी या पानांचे फोटो काढून तुला पाठवेल.

आधी कामाचं. संध्याकाळी एसटी डेपोतली ड्युटी सुटल्यावर बंटीच्या कॉम्प्युटरच्या दुकानात तासभर बसलो. तू पाठवलेला फोटो त्याला दाखवला. निळा पडदा, वर बिटलॉकर लिहिलेलं, खाली किल्ली टाकायची रिकामी चौकट. बघितल्याबरोबर म्हणाला, "काका, मशीन गेलेलं नाही. कुलूप लागलंय." विंडोज डिस्कला कुलूप घालून ठेवते आणि चालू होताना आतलं काही बदललेलं दिसलं की मालकाकडे किल्ली मागते. तुझ्या मैत्रिणीच्या भावाने बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये जाऊन सेक्युअर बूट बंद केलं ना, त्यामुळेच ती मागतेय. त्या मुलाला काही बोलू नकोस. मदत करायलाच आला होता. ते सेटिंग आधी होतं तसं चालू कर. कधी कधी तेवढ्यावर ती किल्ली मागायचं थांबते.

मागितलीच तर किल्ली ४८ आकडी असते, सहा-सहा आकड्यांचे आठ गट. ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर लॅपटॉप पहिल्यांदा चालू केला, त्या खात्यात ती जमा असते. आता खातं कुणाचं? लॅपटॉप घेतला त्या दिवशी दुकानात तुझा फोन बंद पडला होता, म्हणून त्या पोराने माझ्याच ईमेलवर खातं काढलं. म्हणजे किल्ली माझ्याकडे. तू तिकडे रात्र रात्र जागत होतीस आणि मी इथे तीच किल्ली खिशात घेऊन गाड्यांच्या वायरी जोडत होतो. आठ दिवस, मयुरी. पहिल्याच दिवशी एक फोन केला असतास तर

असो. हे लिहायचं नव्हतं.

किल्ली शेवटच्या पानावर लिहिली आहे. तुझ्या पडद्यावर किल्लीचा आयडी दिसतो, त्याची पहिली आठ अक्षरं माझ्या खात्यातल्या नोंदीशी जुळवून घेतली, जुळतात. बंटीने आणखी एक सांगितलं, प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो. मी घरी येऊन आठही गट भागून बघितले. पाचव्यात बाकी उरली. चष्मा पुसून परत फोनमध्ये पाहिलं तर ८ चा ३ झाला होता. दुरुस्त केलाय.

पण कुलूप उघडलं तरी मूळ दुखणं राहील, तेव्हा लगेच खूश होऊ नकोस. तू म्हणालीस की अपडेट चालू असताना होस्टेलची लाईट गेली, बॅटरी सहा टक्क्यांवर होती आणि लॅपटॉप मध्येच बंद पडला. तेव्हापासून कंपनीचं नाव येतं, ठिपके फिरतात, पडदा काळा होतो आणि परत पहिल्यापासून. अपडेट अर्धवट बसलंय, असं बंटीचं मत. मलाही तेच वाटतं.

तर असं कर. पेनड्राइव्ह, माउसचं ते छोटं टोक, हेडफोन, सगळं काढ. चार्जरही काढ. पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धर, मनात तीस मोज. मग चार्जर थेट भिंतीच्या सॉकेटला लाव. तुमच्या खोलीतल्या त्या पाच पिनांच्या बोर्डाला अजिबात नको, तो मी जूनमध्ये बघितलाय. चालू कर. दोन-तीनदा सुरू होता होता अडकला की विंडोज आपोआप दुरुस्तीचा निळा पडदा आणते. तिथे ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, त्यात अनइन्स्टॉल अपडेट्स. शेवटचं क्वालिटी अपडेट काढ. नाही जमलं तर तिथेच स्टार्टअप रिपेअर आहे. तेही नाही जमलं तर सेफ मोड, त्यात विंडोज गरजेपुरतंच चालू होतं. एका वेळी एकच गोष्ट, आणि काय केलंस ते वहीत लिहून ठेव.

रिसेटला मात्र हात लावू नकोस. "सगळं काढून टाका" वर चुकून बोट पडलं तर आजीच्या ओव्या जातील. जुन्या फोनमधून तू त्या यातच टाकल्यास आणि फोन आतेभावाला देऊन टाकलास. दुसरीकडे त्या कुठेही नाहीत. आणि मागचे स्क्रू कुणालाही उघडू देऊ नकोस. बिल आणि वॉरंटीचं कार्ड माझ्या कपाटात आहे. दुकानदार उडवाउडवी करायला लागला तर ग्राहक हेल्पलाइन आहे, १९१५. भांडायचं काम माझ्यावर सोड.

एका वेळी एकच, हे मी तुला का सांगतोय ते ऐक. मी कामाला लागलो त्याच्या दुसऱ्या वर्षी पहाटेची एक गाडी सेल्फ घेईना. मी नवा होतो, सगळ्यांना दाखवून द्यायची घाई. बॅटऱ्या बदलल्या, बारा-बाराच्या दोन, चोवीस व्होल्टच्या. स्टार्टर उतरवला. कंदिलासारखा दिवा हातात धरून रात्रभर गाडीखाली होतो. सकाळी आमचे हेडमिस्त्री आले, त्यांनी अर्थिंगच्या पट्टीचा बोल्ट नुसता हाताने हलवला. सैल होता. घासला, आवळला, गाडी चालू. एका शब्दाने मला बोलले नाहीत. चहा पाजला. मी तुझ्याशी आज त्यांच्यासारखं वागायला हवं होतं.

बंटीला सांगताना माझी छाती भरून आली होती, तेही लिहितो. पडदा काळा झाल्यावर तू टॉर्च तिरका धरून आत पुसट चित्र दिसतंय का ते पाहिलंस, मग मैत्रिणीचा मॉनिटर जोडून पाहिलास. बंटी म्हणाला, माझ्या दुकानातली पोरं एवढं करत नाहीत. तुला हे कुणी शिकवलं? दुसरीत असताना डेपोत यायचीस, टेस्ट लॅम्पची वायर धरून "पप्पा, इथे येतेय, इथे नाही" म्हणायचीस. बल्ब पेटला की माझ्याकडे बघायचीस. डेपोतले सगळे अजून विचारतात, आमची इंजिनियर काय म्हणते.

मग एवढं सगळं येतं, तर घरी सांगायला आठ दिवस का लागले?

पुन्हा तेच आलं. पण मला खरंच झोप लागणार नाही आज. लॅपटॉपची काळजी नाही. आईच्या भिशीचे पैसे गेले, पतसंस्थेचा हप्ता चालू आहे, ते आमचं आम्ही बघू, तुला त्याचं ओझं नको. मला शीतलताई आठवते. तीही "घरच्यांना उगाच ताप नको" असंच म्हणत दुखणं अंगावर काढत राहिली. आज लॅपटॉप आहे. उद्या दुसरं काही असेल, अंगावरचं असेल, आणि तू आठ दिवस थांबशील. कितीही झटकलं तरी माझं डोकं तिथेच जातं.

ही सवय तुला आम्हीच लावली, हेही मला कळतं. २०२१-२२ चा एसटीचा संप पाच महिन्यांच्या वर चालला, पगार बंद होता. तेव्हा तू नववीत. चप्पल तुटली तरी बोलली नाहीस, दाभणाने स्वतः शिवलीस आणि तसंच शाळेत जायचीस. मला सांगितलं आईने, तेही नवी घेतल्यावर.

आणि दुसरं कारण मी. ते आज लिहूनच टाकतो, नाहीतर कधी लिहिणार.

आप्पांचा रेडिओ. तू स्क्रू काढून उघडलास, बंद पडला, आणि मी तुझ्या पाठीत धपाटा घातला. तू तिसरीत होतीस. मयुरी, रेडिओ तू बिघडवला नव्हतास. दुसऱ्या दिवशी मी नीट उघडून पाहिला. सेल गळून आतली स्प्रिंग हिरवी पडली होती, कितीतरी दिवसांची. पॉलिश पेपरने घासली आणि तो वाजायला लागला. सगळ्यांना मी सांगितलं, पोरीने मोडलेला मी दुरुस्त केला. खरं मला माहीत होतं. बापाने पोरीची माफी कशी मागायची, हे तेव्हा सुचलं नाही. आज मागतो.

त्यानंतर तू माझ्यासमोर कधी काही उघडलं नाहीस. डेपोत यायचीही बंद झालीस. मला वाटायचं अभ्यास वाढला.

शनिवारी पहाटेच्या गाडीने निघतो, दहा-अकराला स्वारगेटला उतरेन. लॅपटॉप चालू झाला असला तरी येणार आहे. बिलाची फाईल आणतो. आई शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी देणार आहे, मैत्रिणीलाही बोलाव आणि तिच्या भावालाही. मधल्या काळात उद्या दुपारी ते करून बघ, रात्री नको, आज झोप. चालू झाला तरी फोन कर, नाही झाला तरी कर. कितीही वाजू देत. फोन उशाशी आहे.

तुझे
पप्पा

ता. क. आई उठून आली आणि उभ्या उभ्या सगळं वाचलं. म्हणाली, आठ दिवस आठ दिवस किती वेळा लिहिलंय, खोडा. मी खोडलं नाही. मग तिने विचारलं, रेडिओचं खरं का. हो म्हटलं. आता चहा टाकलाय तिने, अकरा वाजलेत तरी.

किल्लीच्या पानावर पाचवा गट खोडून खाली परत लिहिला आहे. खालचा घे.