३५० अंश, डब्यातलं सूप आणि आपली फरसबी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नाताळच्या जेवणासाठी म्हणून ‘ग्रीन बीन कॅसरोल’ची, म्हणजे मशरूमच्या पांढऱ्या सॉसमध्ये घालून ओव्हनमध्ये भाजलेल्या फरसबीची, कृती छापून आली आहे. फोटो झकास आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ती कृती वाचून आमच्या गल्लीतल्या दोघीतिघी कात्रण घेऊन माझ्या दारात आल्या. मी फौजेत ऑफिसर्स मेसला कुक होतो आणि निवृत्तीनंतर नाताळ ते ३१ डिसेंबर कॅम्पातल्या, म्हणजे बेळगावच्या छावणी भागातल्या, घरांतून स्वयंपाकाच्या ऑर्डरी घेतो, हे हिंडलग्यात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांचे प्रश्न दोन. एक, ओव्हन ३५० अंशांवर कसा लावायचा? दोन, ‘क्रीम ऑफ मशरूम सूपचा एक कॅन’ बेळगावात कुठे मिळतो?

पहिल्याचं उत्तर तातडीचं आहे. ३५० हा आकडा फॅरनहाइटचा. अमेरिकेतले ओव्हन फॅरनहाइटवर चालतात, आपल्या घरच्या ओटीजीवर, म्हणजे छोट्या विजेच्या ओव्हनवर, सेल्सिअस असतं आणि बहुतेकांचं बटण २५०च्या पुढं फिरतच नाही. एका वहिनींनी ते शेवटच्या टोकाला नेऊन ठेवलं, म्हटलं ३५०च्या जवळ तरी जाईल. वरचा कांदा कोळसा झाला आणि खाली सॉस फुटून तूप वेगळं, पाणी वेगळं. ३५० फॅरनहाइट म्हणजे आपलं साधारण १७५ ते १८० सेल्सिअस. एवढी दुरुस्ती नाताळच्या आत छापावी, ही विनंती. कृती छापताना कुणीतरी एकदा करून बघितली असती तर हे तेव्हाच कळलं असतं.

दुसऱ्या प्रश्नावर जरा सविस्तर लिहितो. माझं म्हणणं, तो डबा शोधूच नका.

हा पदार्थ १९५५ साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या कॅम्डेन गावी, कॅम्पबेल सूप कंपनीच्या स्वयंपाकघरात जन्मला. डॉर्कस रायली नावाच्या बाई तिथं कंपनीच्या मालातून नवनवे पदार्थ बसवायचं काम करत. थँक्सगिव्हिंग हा त्यांचा नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारचा सण. त्यासाठी एका वृत्तसंस्थेला पाककृती हवी होती आणि अट अशी, की अमेरिकन घरात हमखास असतं त्यातूनच ती झाली पाहिजे. त्यांच्या फडताळात काय असायचं? फरसबी आणि मशरूम सूपचा डबा. त्यात थोडं दूध, चमचाभर सोया सॉस, मिरपूड आणि डब्यातलाच तळलेला कांदा. सहा जिन्नस, संपलं. त्या कृतीचं मूळ कार्ड कंपनीनं २००२ मध्ये तिकडच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेमला दिलं. रायलीबाई २०१८ साली ९२ वर्षांच्या होऊन गेल्या. एका भाजीसाठी एवढा मान कुठल्या स्वयंपाक्याला मिळतो सांगा!

म्हणजे घरात आहे त्यातून कर, हाच त्या कृतीचा मूळ हुकूम. आता आपल्या घरात काय असतं? सकाळी गॅसवर दुधाचं पातेलं असतं. फ्रीजमध्ये लोणी असतं, डब्यात मैदा असतो. हे सगळं बाजूला ठेवून परदेशी सूपचा डबा चढ्या भावानं मागवायचा म्हणजे कृतीतले शब्द पाळले आणि मुद्दा सोडला. आपल्या लेखिका म्हणतात, डब्याशिवाय ‘ती’ चव येत नाही. ती चव म्हणजे पीठ, दूध, मीठ आणि मशरूमचा थोडा वास. मेसमध्ये लेडीज नाइटला बेक्ड व्हेजिटेबलसाठी आम्ही तोच सॉस पातेल्यानं करायचो. फरक एवढाच की आमचा ताजा असायचा.

आता फरसबी. तिची बेळगावात काय कमी? आपल्या शिवारातली भाजी चोर्ला आणि अनमोड घाटांतून रोज गोव्याला जाते. नाताळ जवळ आला की तिकडची मागणी वाढते आणि इथं भाव चढतो. म्हणून मी ऑर्डरची फरसबी आधीच्या रविवारी खासबागच्या बाजारात घेऊन ठेवतो. ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये तीन-चार दिवस चांगली राहते. घेताना एक शेंग मोडून बघायचीच. टक् करून तुटली तर ताजी, नुसती वाकली तर परवाची. बाजारातली अक्का ‘मोडू नका ओ’ म्हणून ओरडते, ओरडू दे. बाहेरून दाण्यांचे उंचवटे दिसतात ती शेंग जून, तिच्या शिरा कितीही काढा, खाताना दातात धागा येतोच. ती आमटीत घाला, या पदार्थात नको.

सहा ते आठ माणसांना अर्धा किलो फरसबी, मशरूमचं २०० ग्रॅमचं एक पाकीट, अर्धा लिटर म्हशीचं दूध, ४० ग्रॅम लोणी, ४० ग्रॅम मैदा, तीन मोठे कांदे, दोन लसूण पाकळ्या, मिरपूड आणि असलंच तर जायफळ किसून चिमूटभर. गायीचं किंवा पिशवीतलं पातळ दूध असेल तर मैदा चमचाभर वाढवा. आपलं पांढरं लोणी अळणी असतं हे विसरू नका. पिवळं खारं बटर वापरणार असाल तर मीठ शेवटी चाखूनच घाला, कारण सोया सॉसही खारट असतो.

या पदार्थाचा खरा शत्रू पाणी. बिघडतो तो नव्वद टक्के वेळा पाण्यानं आणि तुमच्या पुरवणीत त्याबद्दल एक ओळसुद्धा नाही. पाणी तीन ठिकाणांहून येतं.

पहिलं फरसबीतून. शेंगांचे बोटाच्या दोन पेरांएवढे तुकडे करा, मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी खळाखळा उकळू द्या, मीठ घाला आणि मग शेंगा टाका. झाकण ठेवू नका. झाकलं की भाजीतली आंबट वाफ पाण्यातच उतरते आणि हिरवा रंग मातकट होतो. काही स्वयंपाकी रंगासाठी सोडा टाकतात. रंग राहतो, पण शेंगेचा लगदा होतो. मला ते कधीच पटलं नाही. चार-पाच मिनिटांनी एक तुकडा चावून बघा, किंचित करकरीत असतानाच उपसून गार पाण्यात टाका. पुढं ओव्हनमध्ये ती पुन्हा शिजायची आहे. यानंतर खरं काम. शेंगा चाळणीत निथळून सुती पंचावर पसरा, वरून दुसरा पंचा दाबा आणि तसंच ठेवून दुसऱ्या कामाला लागा. ओल्या शेंगा सॉसमध्ये घातल्या की अर्ध्या तासात सॉस ताकासारखा होतो. माझ्या हाताखाली यायची ती पोरं हमखास इथंच घाई करायची.

दुसरं पाणी मशरूममधून. मशरूममध्ये दहा भागांतले नऊ भाग पाणीच असतं. काप करून पसरट कढईत थोड्या लोण्यावर मोठ्या आंचेवर टाका आणि हलवत बसा. आधी ती पाणी सोडतात, कढईत तळं होतं. घाबरायचं नाही. ते पाणी आटतं, मग कापांच्या कडा तांबूस होतात आणि खमंग वास सुटतो. तो वास आल्याशिवाय पुढं जायचं नाही, कारण डब्यातल्या सूपची ‘ती’ चव म्हणतात ती इथंच होते. खानापूरकडची रानातली अळंबी मिळाली असती तर बहारच आली असती, पण ती पावसाळ्यातली. डिसेंबरात पाकिटातल्या मशरूमवरच भागवायचं.

मशरूम बाजूला काढा. त्याच कढईत उरलेलं लोणी, बारीक चिरलेला लसूण, मग मैदा. मंद आंचेवर दोन मिनिटं परता, रंग बदलू देऊ नका. आता दूध कोमट करून थोडं थोडं घाला आणि एकीकडे घोटत राहा. पहिल्या वाटीला गोळा होईल, दुसरीला चिकट खळ होईल, तिसरीनंतर सैल होत जाईल. एकदम ओतलंत तर गुठळ्या आणि मग मिक्सर. दूध सगळं गेल्यावर पाच-सात मिनिटं बारीक बुडबुडे येईपर्यंत शिजवा, नाहीतर कच्च्या मैद्याची चव जिभेवर राहते. डावाच्या पाठीवर सॉसचा थर राहिला आणि बोटानं ओढलेली रेघ मिटली नाही म्हणजे झाला. मीठ, मिरपूड, जायफळ, चमचाभर सोया सॉस आणि घरची दोन चमचे साय. वर मशरूम आणि कोरडी फरसबी.

तिसरं पाणी कांद्याचं. कांदा अगदी पातळ उभा चिरून मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, मग मुठीत घट्ट पिळा. चमचाभर तांदळाचं पीठ भुरभुरा, मोकळा करा आणि मध्यम आंचेवर तळा. हवा त्या रंगाच्या एक छटा आधीच काढायचा, कारण बाहेर काढल्यावरही तो रंगत राहतो. कागदावर पसरा, ढीग करू नका. एवढा खटाटोप नको असेल तर बिर्याणीवाल्याकडून बिरिस्ता, म्हणजे तयार तळलेला कांदा, आणा, कुणी विचारत नाही. यातला निम्मा कांदा मिश्रणात कालवा, निम्मा झाकून ठेवा. मिश्रण लोण्याचा हात फिरवलेल्या काचेच्या किंवा स्टीलच्या पसरट भांड्यात ओतून १८० सेल्सिअसवर वीस-पंचवीस मिनिटं, कडेनं बुडबुडे येईपर्यंत. मग वरचा कांदा पसरून आणखी पाचच मिनिटं. पहिल्यापासून कांदा वर घातला की तो करपतो, १८०लासुद्धा.

ओव्हन नसेल तर अडत नाही. जाड बुडाच्या कढईत जाळी ठेवून त्यावर भांडं, झाकण घट्ट, मंद गॅस, अर्धा तास. वरून लाली येत नाही एवढंच, ती कसर कांदा भरून काढतो. फक्त झाकणाला आतून फडकं बांधा, नाहीतर वाफेचं पाणी टपटप आत पडेल. कॅम्पातल्या एक आजी अजून जुन्या पद्धतीनं झाकणावर निखारे ठेवून करतात. त्यांच्या कडेला जी खरपूस खरड येते ती माझ्या ओव्हनला जमत नाही.

एवढं सगळं एका भाजीसाठी कशाला, असं कुणी म्हणेल. नाताळच्या टेबलावर सोरपोटेल, शागुती, रोस्ट असं सगळं मांसाहारी असतं आणि जेवायला शेजारपाजारचे मराठे, लिंगायत, जैन सगळे येतात. शाकाहारी माणसाच्या ताटात मात्र पुलाव आणि काकडीच्या चकत्या. त्याला तेवढ्यावर उठावं लागतं, हे मी वर्षानुवर्षं वाढताना बघत आलोय. या पदार्थामुळे त्यांच्या ताटाला वजन येतं. मात्र आधी विचारून घ्या. काही लिंगायत घरांत मशरूम चालत नाही. त्यांच्यासाठी त्या जागी उकडलेले मक्याचे दाणे घाला. कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी लसूण आणि आतला कांदा वगळून वर कांद्याऐवजी लोण्यात परतलेला ब्रेडचा चुरा. वेगळं छोटं भांडं लावा, एकाच भांड्यात निम्मं-निम्मं करू नका, वाढताना डाव एकच असतो. पदार्थ जड आहे, लोणी-दूध भरपूर. पहिल्या फेरीला माणशी एक मोठा डाव पुरे.

आदल्या रात्री करून ठेवायचं असेल तर सॉस आणि फरसबी एकत्र करून भांडं फ्रीजमध्ये ठेवा, पण त्यात कांदा घालू नका. कांदा हवाबंद डब्यात वेगळा. दुसऱ्या दिवशी भांडं बाहेर काढून तासभर ठेवा आणि मगच ओव्हनमध्ये घाला. काचेचं गार भांडं तापल्या ओव्हनमध्ये गेलं की तडकतं. उरलेलं दुसऱ्या दिवशी पावात भरून तव्यावर दाबून भाजा, पोरं भांडून खातात.

आणि गवळ्याला २२ तारखेलाच सांगून ठेवा. २४ला कॅम्पातल्या प्रत्येक घराला केक, दोदोल आणि पुडिंगसाठी जादा दूध लागतं, आयत्या वेळी मागितलं तर मिळतं ते पाणी घातलेलं.

आपला,
एक निवृत्त मेस कुक
हिंडलगा, बेळगाव